नवा डबा, जुन्या वायरी

६ जानेवारी

टिंबे,

आशीर्वाद शेवटी देते, आधी काम. तू जोडून दिलेला कॉम्प्युटर धापा टाकायला लागलाय. परवा पुस्तक वाचून रेकॉर्ड करता करता मध्येच बंद पडला. कादंबरीतला इन्स्पेक्टर दार ढकलतोय, माझा आवाज मस्त लागलाय, आणि पडदा काळा! इन्स्पेक्टर अजून दारातच उभा आहे बिचारा.

खालच्या गल्लीतल्या दुकानदाराला वर बोलावलं. त्याने कॉम्प्युटरच्या पाठीला नाक लावलं आणि म्हणाला, "पॉवर सप्लाय जळतोय, आजी." आजी! मी म्हटलं, "बाबा रे, तुझे केस पिकलेत तेवढे माझे नाही पिकलेले." मग तो सुरू झाला. मॉड्युलर घ्या, सेमी-मॉड्युलर घ्या, हजार वॉटचा घ्या, रंगीत दिवेवाला घ्या. मला एक अक्षर कळलं नाही, पण कळल्यासारखी मान हलवली. तेव्हा आता तू सांग, काय घेऊ?

फोन कर म्हणू नकोस. अख्खी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली. "बोला, लाइन लागली" म्हणायचं आणि आपण बाजूला व्हायचं, हेच केलं जन्मभर. निवृत्त झाले त्या दिवशी घरातला फोन पांघरुणांच्या कपाटात ठेवला, तो आजवर तिथेच आहे. पेन्शनवाल्यांना नंबर लागतो म्हणून लाइन तेवढी जोडलेली ठेवलीय.

आणखी एक. मी अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते ना, तिथून माझ्या आधीच्या पुस्तकाबद्दल एका वाचकाची तक्रार आलीय. तो लिहितो, "वाचन उत्तम. मात्र बाईंच्या मागे कोणीतरी सतत घोरत असतं." वाच, पुन्हा वाच! मी एकटी बाई, माझ्या घरात घोरणार कोण? वाचनालयातल्या पोरी मला बघून तोंड दाबून हसतात. संताप संताप झालाय.

आशीर्वाद.
आत्या

१२ जानेवारी

लाडके आत्या,

पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि इतकी हसले की जहाजाच्या कारखान्यातले अर्धे लोक माझ्याकडे बघायला लागले. घोरणारा कोण आहे ते मी सांगते. तो तुझ्या पॉवर सप्लायचा पंखा आहे. म्हातारा झाला की आवाज करतो. त्या तक्रारदाराला असं खणखणीत उत्तर पाठव की पुन्हा तोंड वर काढणार नाही.

आता डब्याचं. पॉवर सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरच्या एकेका भागाला सोसेल तेवढी वाटून देणारा डबा. काही डब्यांच्या वायरी डब्यालाच कायमच्या चिकटलेल्या असतात. लागो न लागो, सगळा गुंता कॉम्प्युटरच्या खोक्यात, म्हणजे कॅबिनेटमध्ये, कोंबावा लागतो. सेमी-मॉड्युलरला मुख्य वायरी चिकटलेल्या आणि बाकीच्या सुट्या. आणि पूर्ण मॉड्युलरला सगळ्याच सुट्या. अगदी तुझ्या एक्सचेंजच्या बोर्डासारखं बघ. हवी ती कॉर्ड उचल, भोकात खोच. नको ती ठेवून दे. तुझा आत्ताचा डबाही तसाच आहे.

तू पूर्ण मॉड्युलरच घे. हजार वॉट कशाला? तू काय गिरणी चालवतेस? पाचशे-साडेपाचशे भरपूर झाले. बघायचं ते हे: काम हलकं असलं की पंखा आपोआप थांबतो का, हमी भरपूर वर्षांची आहे का, आणि लांबीला तो तुझ्या कॅबिनेटमध्ये मावतो का. रंगीत दिवे दुकानदाराच्या घरी लावायला सांग.

आणि आत्या, नवं पुस्तक वाचतेस त्याची दुसरीकडे कॉपी ठेवलीयस ना?

तुझी,
टिंबू

१८ जानेवारी

टिंबे,

तुझं पत्र दुकानदारापुढे धरलं आणि म्हटलं, "हे वाच आणि यातलं दे." गडी गारच पडला. मी शिवणाची टेप घेऊन गेले होते. तीन डबे मोजले. एक लांब निघाला, एकाची हमी आखूड निघाली, तिसरा पसंत पडला. साडेपाचशे वॉट, सगळ्या वायरी सुट्या, आणि पंखा हलक्या कामाला गप्प. त्याच्याकडचा डबा नमुन्याचा होता, नवा मागवलाय. जाताना म्हणतो, "ताई, तुमच्या घरात कोणीतरी जाणकार दिसतंय." आजीची ताई झाले, बघ.

कॉपी ठेवलेली नाही. का ठेवू? हे पुस्तक मी पुरं झाल्यावर एकदमच देणार. अर्धं दिलं की लोक वाटेत अडवून खुनी कोण ते विचारतात. सगळे भाग कॉम्प्युटरच्या डिस्कवर आहेत, डिस्क घरात आहे, घराला कुलूप आहे. आणखी काय हवं?

हो, एक सांगायचं राहिलं. घशाच्या डॉक्टरांनी हिवाळ्यातल्या खोकल्यानंतर तपासलं. म्हणाले, हातातलं पुस्तक पुरं करा आणि मग मोठ्याने वाचणं कायमचं बंद. ताण सोसणार नाही. मी म्हटलं, बरं. काय म्हणणार? दादाला आणि वहिनीला सांगू नकोस, उगाच काढे पाठवतील. पण तुला म्हणून सांगते, वाईट वाटलं गं. आवाज हीच माझी कमाई होती. आता हे शेवटचं पुस्तक तरी असं व्हावं की त्यात बोट ठेवायला जागा नको.

तक्रारदाराला खणखणीत उत्तर पाठवलं. त्याचं लगेच आलं. जाड पेनाने, पानावर चार ओळी, एवढाली अक्षरं. नजर फार अधू झालीय त्याची. म्हणतो, "घोरणारा पंखा आहे हे कळून बरं वाटलं." का बरं वाटलं, ते लिहिलेलं नाही. पुढे म्हणतो, "त्याची बेअरिंग झिजली आहे. फिरताना लंगडतो. मी घड्याळजी होतो, मला ऐकू येतं." उद्धट मनुष्य! मी पुन्हा चांगलं दोन पानी उत्तर दिलं. त्यावर त्याचं आलं, त्यावर माझं गेलं. अशी माणसं मोकळी सोडून चालत नाही.

आत्या

२४ जानेवारी

आत्या,

आधी घसा. कोमट पाणी पी आणि दिवसाला एकाच्या वर भाग वाचू नकोस. आईबाबांना सांगत नाही, पण मला वाईट वाटलंय. मी लहान असताना तू गोष्ट सांगायला लागलीस की मी जेवण तोंडात तसंच धरून बसायचे, आणि आई तुझ्यावर ओरडायची. त्या आवाजाचं शेवटचं पुस्तक म्हणजे चेष्टा नाही. म्हणून सांगते, कॉपी काढ. लक्षात ठेव, ते आता पुन्हा वाचता येणार नाही.

दुसरं, हा घड्याळजी कोण? आधी तक्रार करतो, मग पंख्याची परीक्षा करतो, मग पत्रांवर पत्रं. त्या दुकानदाराचा कुणी लागत नाही ना? एकट्या बाईला गाठून महागडं काहीतरी गळ्यात मारणारी माणसं असतात. तू एक्सचेंजमध्ये हजारो लोकांशी बोललीस हे खरं, पण ती सगळी वायरीच्या पलीकडे होती. त्याला घरचा पत्ता देऊ नकोस.

तिसरं, डबा आला तरी हात लावू नकोस. मी पुढच्या महिन्यात रजा काढून येते आणि बसवून देते.

टिंबू

३१ जानेवारी

टिंबे,

डबा आला! काळ्या मखमली पिशवीत वायरी, दुसऱ्या पिशवीत डबा. माझ्या लग्नाचे दागिने आले असते तर असेच आले असते.

तुझी वाट बघणार नाही. रागावू नकोस. शेवटचा एकच भाग उरलाय, आणि जुना डबा आता सुरू केला की पाण्याचं भांडं चढवायच्या आत बंद पडतो. म्हणून तर कॉपीही काढता येत नाहीये, नाहीतर तुझं ऐकणार होते. इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून खुनी सांगणार, आणि मी इथे घसा जपत गप्प. माझ्याच्याने होत नाही.

आणि काम अवघड नाही, मी नीट बघून ठेवलंय. तुला आठवतं, मागच्या उन्हाळ्यात मी कॅबिनेटच्या आतल्या सगळ्या वायरी मेणाच्या दोऱ्याने बांधल्या होत्या? एक्सचेंजचा फिटर बांधायचा तशा, वीतभर अंतरावर एकेक गाठ, सगळी वेणी सरळ रेषेत. तू बघून म्हणाली होतीस, हे फ्रेम करून लावायला हवं. ती वेणी उसवायचा माझा जीव होत नाही. आणि गरज तरी काय? नव्या डब्याची भोकंही तशीच दिसतात, जुन्या वायरीचं टोक लावून बघितलं तर टकदिशी बसलं. तूच लिहिलंयस, आमच्या बोर्डासारखं. आमच्याकडे बोर्ड बदलला तरी कॉर्ड त्याच असायच्या. तेव्हा वायरी आहेत तिथेच राहू देते, डबा तेवढा बदलते. नव्या वायरी पिशवीत जपून ठेवीन, कधीतरी लागतील.

रविवारी सकाळी उजेड चांगला असतो तेव्हा करणार. टॉर्च धरायला एक माणूस सांगितलाय. ओळखीचाच आहे, काळजी नको.

तुझी धीट आत्या

५ फेब्रुवारी, रविवार

आत्या,

तुझं पत्र काल संध्याकाळी फाटकावरच्या पहारेकऱ्याने दिलं. "वायरी आहेत तिथेच राहू देते" इथपर्यंत आले आणि पायाखालची जमीनच सरकली. तशीच धावत जाऊन फोन लावला. वाजतोय, वाजतोय, कोणी घेत नाही. कोण घेणार, तो कपाटात! आईबाबा गावाला. आज सकाळी उठल्यापासून पुन्हा तेच. मी फोनला शिव्या दिल्या, तुला दिल्या, सर्वांत जास्त स्वतःला दिल्या. बोर्डाचं उदाहरण माझंच ना!

नीट सांगायला हवं होतं ते आता सांगते. वायरीचं जे टोक डिस्कला लागतं ते जगात सगळीकडे सारखं. पण जे टोक डब्याला लागतं ते ज्याचं त्याचं निराळं. भोक तसंच दिसतं, वायर बसतेही, पण आत कुठल्या तारेतून काय सोडायचं ते प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. जिथे पाच व्होल्ट जायचे तिथे बारा गेले तर डिस्क त्याच क्षणी जळते. म्हणजे तुझं अख्खं पुस्तक गेलं. तुझा आवाज गेला. म्हणून डबा बदलला की वायरीही त्याच्याच, जुन्या सगळ्या बाहेर.

आणि मग आज सकाळी पलीकडे खुडबुड झाली आणि कोणीतरी फोन उचलला. आणि बोलला कोण? एक पुरुष!

"कोण?" मी विचारलं.

"मी तक्रारदार," तो म्हणाला. "हा फोन पांघरुणांत होता. आवाजाच्या मागे मागे यायला वेळ लागला."

"आत्या कुठे आहे?"

"टेबलाखाली. वायरी लावून झाल्या आहेत. मला म्हणाल्या, हो म्हटलं की बटण दाबा. मी बटणावर बोट ठेवून बसलो होतो, तेवढ्यात हा वाजला."

"दाबलंत?" मी किंचाळले.

"अजून हो म्हणाल्या नाहीत."

माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. मग तू आलीस आणि इतक्या वर्षांनी फोन कानाला लावून म्हणालीस काय, तर "नंबर सांगा." आत्या, मी रडत होते आणि हसत होते.

आता मला सगळं लिही. तो घरात कसा आला? टॉर्च धरायला म्हणे! मी त्याला विचारलं, टॉर्च तुम्ही धरलाय का, तर म्हणाला, "धरला आहे, पण उजेड कुठे पडतो ते मला फारसं दिसत नाही." ज्याला दिसत नाही त्याला टॉर्च धरायला कोण बोलावतं? मी काही बाळ नाही राहिले.

टिंबू

१० फेब्रुवारी

टिंबे,

आधी काम. तुझ्याशी बोलून झाल्यावर ती वेणी मी स्वतः कात्रीने कापली. एकेक गाठ तोडताना जिवावर आलं. पण जुन्या वायरी सगळ्या बाहेर काढून निराळ्या पिशवीत घातल्या आणि वर चिठ्ठी लावली, "या दिसतात तशा नाहीत." मग मखमली पिशवीतल्या नव्या लावल्या. बटण त्यांनीच दाबलं, डोळे घट्ट मिटून. म्हटलं, "मिटून काय फरक पडणार आहे?" तर म्हणतात, "सवय आहे."

कॉम्प्युटर सुरू झाला. डिस्क सुखरूप, पुस्तक सुखरूप, पहिल्यांदा कॉपी काढली, दोन काढल्या. शेवटचा भाग काल वाचला. खुनी कोण ते तुला सांगणार नाही.

आणि टिंबे, शांतता गं! रेकॉर्ड केलेलं पुन्हा लावून ऐकलं तर मागे काहीच नाही. नुसती मी. मी मलाच ओळखू आले नाही आधी. आपला आवाज बरा होता, असं वाटलं.

आता तुला हवं आहे ते. दोन पत्रांनंतर ते वाचनालयात भेटायला आले, माफी मागायला. माफी मागता मागता खिडकीजवळच्या घड्याळाबद्दल तक्रार केली. मग आम्ही ते घड्याळ उतरवून नीट केलं. त्यांनी सांगायचं, मी हात चालवायचे. वाचनालयातल्या पोरी आता तोंड न दाबताच हसतात. मग ते आणखी दोनदा आले. पत्ता मी दिला. तू देऊ नकोस म्हणालीस त्याच्या आधीच दिला होता, म्हणून लिहिलं नाही. खोटं नाही बोलले, नुसतं गाळलं.

टॉर्च धरायला त्यांना का बोलावलं, ते मलाही ठाऊक नाही. एवढं खरं, की टेबलाखाली असताना डोक्यावर कोणीतरी आहे हे बरं वाटत होतं. उजेड भलतीकडेच पडत होता.

फोन पांघरुणांतून काढून स्टुलावर ठेवलाय. एवढ्यात तूच करशील म्हणून सांगते.

तुला त्यांचं पत्र येणार आहे. मी म्हटलं, "जे विचारायचं ते माझ्या भाचीला विचारा, घरातली जाणकार ती." घाबरू नकोस, अक्षरं मोठी असतात.

आत्या

१२ फेब्रुवारी

आत्याबाईंच्या भाचीस,

मी तुला ओळखत नाही, पण तू किंचाळतेस कशी ते मला माहीत आहे. त्यामुळे एकदम मुद्द्याचं लिहितो.

तुझ्या आत्याचं पुस्तक काल ऐकून संपवलं. एक तक्रार आहे.

आता मागे कोणी घोरत नाही. त्यामुळे बाकी सगळं ऐकू येतं. पान उलटायच्या आधी त्या श्वास घेतात ते ऐकू येतं. विनोद आला की वाचायच्या आधी स्वतः हसतात आणि ते दाबतात, तेही ऐकू येतं. तक्रार अशी की पुस्तक संपलं.

पत्नी गेल्यावर घरात चालू घड्याळ मी एकही ठेवलं नव्हतं. टिकटिक सोसवत नसे. तुझ्या आत्याचं वाचन ऐकायला लागलो तेव्हापासून दोन चालू केली. वाचताना कोणी घोरतं हे ऐकून मला जो राग आला, तो पंख्यावर नव्हता. हे त्यांना सांगितलेलं नाही. तू सांगितलंस तरी चालेल.

डॉक्टरांनी त्यांना मोठ्याने वाचायला मनाई केली आहे. मी डॉक्टरांना जाऊन विचारलं, हळू वाचलं तर? ते म्हणाले, समोर बसलेल्या एका माणसाला ऐकू जाईल इतपत चालेल, रोज थोडा वेळ. तो समोर बसलेला माणूस व्हायची माझी तयारी आहे, जन्मभराची. त्यासाठी कॉम्प्युटर लागत नाही, खुर्ची लागते. ती माझ्याकडे आहे.

आत्याबाई हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. तुला विचारा म्हणतात. म्हणून विचारतो.

मी स्वतः घोरतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे तक्रार नको.

तक्रारदार

१८ फेब्रुवारी

दोघांनाही एकच पत्र, कारण ते मोठ्याने वाचलं जाणार हे मला ठाऊक आहे. आत्या, हळू वाच.

मी ज्यांना भामटा समजत होते त्यांची माफी मागते. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा जेवायचं विसरले. आईबाबांना मी सांगितलंय. बाबा म्हणाले, "तिच्या घरी त्या एका खुर्चीला जागा आहे का? मोजायला हवं." मी म्हटलं, टेप तिच्याकडे आहे.

आत्या, मला कशाला विचारतेस? बटणावर बोट तुझंच आहे, हो तूच म्हणायचं. पण तुला माझ्याकडूनच ऐकायचं असेल तर ऐक. फोनवरही सांगितलं असतं, पण हे लिहूनच सांगावंसं वाटलं. जन्मभर तू दुसऱ्यांना सांगत आलीस ते आज मी तुला सांगते.

बोला, लाइन लागली. मी बाजूला होते.

टिंबू